तोरिनोत चिंगीसाठी घर विचारताना

संशोधनाच्या दोन वर्षांच्या करारावर मी सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात इटलीतल्या तोरिनोला (इंग्रजीत ट्युरिन) आले, तेव्हा नव्या कामापेक्षा मोठी काळजी घराची होती आणि घराची काळजी होती ती चिंगीमुळे. चिंगी ही आमची सहा वर्षांची कुत्री. पुण्यात सिंहगड रस्त्यावरच्या एका बांधकामापाशी ती पिल्लू असताना पावसात भिजत बसलेली मला सापडली, आणि त्यानंतर मी घर बदलले, नोकरी बदलली, पण तिच्याशिवाय राहायचा विचार कधी मनात आला नाही. तिला पुण्यात आईबाबांकडे ठेवून दोन वर्षे परदेशात काढावीत, असे सुचवणारे पुष्कळ भेटले. आईबाबांचीही तशी तयारी होती. परंतु ज्या जिवाने आपल्यावर इतका विश्वास टाकला आहे त्याला आपल्या सोयीसाठी मागे ठेवणे मला पटत नव्हते, आणि म्हणून ‘आपल्या घरात कुत्री ठेवली तर चालेल का’ हे इटालियन भाषेत विचारायला शिकणे मला भाग पडले. ते नीट विचारता यायला मला जवळजवळ तीन महिने लागले.

मुदतही तेवढीच होती. भारतातून युरोपीय संघाच्या देशात कुत्रा न्यायचा तर आधी पंधरा अंकी मायक्रोचिप बसवावी लागते, मग रेबीजची लस द्यावी लागते, लसीनंतर किमान ३० दिवसांनी रक्ताचा नमुना काढून तो संघाची मान्यता असलेल्या प्रयोगशाळेकडे पाठवावा लागतो, त्यात प्रतिपिंडांचे प्रमाण मिलिलिटरमागे किमान ०.५ आंतरराष्ट्रीय एकक इतके यावे लागते, आणि नमुना काढल्या दिवसापासून तीन महिने उलटल्याशिवाय प्राण्याला प्रवेश मिळत नाही. चिंगीचे रक्त ऑगस्टच्या अखेरीस काढले होते. शिवाय प्राण्याच्या प्रवासाच्या पाच दिवस आधी किंवा नंतर, एवढ्या अवधीत मालकालाही प्रवास करावा लागतो, म्हणून नाताळच्या सुट्टीत मी स्वतः पुण्याला जाऊन तिला आणणार होते. मला तात्पुरती खोली मिळाली होती ती वसतिगृहात, आणि तिथे प्राण्यांना मज्जाव होता. डिसेंबरच्या मध्यापर्यंत घराचा करार हातात पडला नसता तर चिंगीला आणून ठेवायचे कुठे, हा प्रश्न होता.

पहिले तीन आठवडे मी जाहिराती वाचून संदेश पाठवण्यात घालवले. इटलीतल्या जाहिरातींची एक ठरलेली भाषा आहे. ‘मोनोलोकाले’ म्हणजे एका खोलीचे घर, ‘बिलोकाले’ म्हणजे बैठकीची खोली आणि झोपायची खोली, ‘आर्रेदातो’ म्हणजे सामानसुमानासकट. शेवटच्या ओळीत अटी असतात आणि तिथे कधी ‘नो आनिमाली’ असे दोनच शब्द असतात, कधी प्राण्यांचा उल्लेखच नसतो. उल्लेख नाही याचा अर्थ हरकत नाही, असा मी सोयीचा अर्थ लावला आणि मशिनी भाषांतरातून मिळालेले ‘पेर्मेत्तेते आनिमाली?’, म्हणजे ‘प्राण्यांना परवानगी देता का?’, एवढेच वाक्य सगळीकडे पाठवत राहिले. ३१ संदेशांपैकी चारांनाच उत्तर आले आणि चारही वेळा उत्तरात ‘पुर्त्रोप्पो’ हा शब्द होता. तो ‘दुर्दैवाने’ या अर्थाचा शब्द मी इटालियनमध्ये इतक्या वेळा ऐकला की पुढे पुढे फोनवर त्यातला पहिला ‘पु’ ऐकूनच मला उत्तर कळू लागले.

फोनवरचे संभाषण आणखी अवघड होते, कारण तिथे शब्दकोश उघडायला सवड नसते. एका एजन्सीत बोलताना पलीकडच्या बाई ‘इल कानोने’ असे काहीतरी म्हणाल्या, मी त्यात ‘काने’, म्हणजे कुत्रा, ऐकले आणि चिंगीचे वजन सांगू लागले. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि मग सावकाश पुन्हा म्हणाल्या की ‘कानोने’ महिन्याला ६०० युरो आहे. ‘कानोने’ म्हणजे भाडे. घराच्या चौकशीत हे दोन शब्द पाठोपाठ येतात आणि परक्या कानाला ते एकच वाटतात. त्या संध्याकाळी मी घराच्या व्यवहारातले सगळे शब्द एका वहीत लिहून काढले. त्यातला एक मला फार विचित्र वाटला. करारात भाडेकरूला ‘कोंदुत्तोरे’ म्हणतात, आणि आपल्या कानाला तो थेट एसटीतला कंडक्टर वाटतो. घरमालक म्हणजे ‘लोकातोरे’. बोलण्यात मात्र त्याला ‘पाद्रोने दी कासा’ म्हणतात, आणि कुत्र्याच्या मालकालाही ‘पाद्रोने’च म्हणतात, त्यामुळे ‘पाद्रोने कोण’ असा प्रश्न आला की तो घराबद्दल आहे की कुत्रीबद्दल, हे मागच्या वाक्यावरून ओळखावे लागते.

ऑक्टोबरात मी प्रौढांसाठी असलेल्या सरकारी केंद्राच्या भाषावर्गात नाव घातले. इटलीत या केंद्रांना ‘चीपीआ’ म्हणतात आणि बाहेरून आलेल्या माणसांना तिथे जवळजवळ फुकट इटालियन शिकवतात. आमच्या वर्गात मोरोक्को, रोमानिया, पेरू, बांगलादेश अशा ठिकाणांहून आलेली माणसे होती, आणि जवळजवळ प्रत्येकाने घर शोधण्याचा त्रास भोगलेला होता. शिकवणाऱ्या बाईंनी एकदा विचारले की या आठवड्यात कोणाला खरोखर कोणते वाक्य बोलायचे आहे. मी माझे ‘पेर्मेत्तेते आनिमाली’ सांगितले. त्यांनी ते फळ्यावर लिहिले, व्याकरणात चूक नाही असे सांगितले, आणि मग म्हणाल्या की असे वाक्य अनोळखी माणसाकडून आले तर त्या स्वतःसुद्धा उत्तर देणार नाहीत.

त्यानंतरचा अर्धा तास माझ्या दृष्टीने या सगळ्या खटाटोपातला सर्वांत मोलाचा होता. बाईंनी समजावले की अनोळखी माणसाशी बोलताना इटालियनमध्ये ‘लेई’ वापरतात, आणि ‘लेई’ या शब्दाचा मूळ अर्थ ‘ती’ असा आहे, म्हणजे समोरच्याला आदर दाखवायचा तर त्याच्याशी तृतीय पुरुषी बोलायचे. ‘बाईसाहेबांनी बसावे’, ‘रावसाहेब कधी आले’ अशी भाषा आपल्याकडे जुन्या घरांतून ऐकलेल्या माणसाला यात नवे काही वाटू नये, आणि मला खरोखरच ते एका क्षणात उमगले. दुसरी गोष्ट त्याहून जवळची निघाली. काही मागायचे असेल तर इटालियन माणूस ‘मी विचारतो’ असे म्हणत नाही, तो ‘वोलेवो क्येदेर्ले’ म्हणतो, म्हणजे ‘मला आपल्याला विचारायचे होते’. क्रियापद भूतकाळी, पण विचारायचे आत्ताच. वर्गातल्या काहींना हा भूतकाळ कळेना. मला मात्र दारात उभे राहून ‘काकू, जरा विचारायचं होतं’ म्हणणारी आमच्या शेजारची मुलगी आठवली. हाच भूतकाळ आपण रोज वापरतो आणि याच कारणासाठी वापरतो, की समोरच्याला नाही म्हणायला जागा राहावी. महिनाभर मी जे इंग्रजीच्या वळणाने विचारत होते ते मराठीच्या वळणाने विचारले असते तर इटालियनच्या अधिक जवळ गेले असते, हे तेव्हा लक्षात आले.

बाईंनी आणखी दोन ठिकाणी मला वेळेत थांबवले. चिंगी मादी आहे म्हणून मी शब्दकोशातून ‘काने’चे स्त्रीलिंगी रूप शोधून ‘कान्या’ असे लिहिले होते. तो शब्द बोलण्यात शिवीसारखा येतो, त्याऐवजी लाडाने ‘कान्योलिना’ म्हणावे किंवा सरळ ‘काने फेम्मिना’ म्हणावे, असे त्यांनी सांगितले. दुसरे म्हणजे ‘काने’ म्हणताना ‘न’ एकेरीच ठेवावा. ‘कान्ने’ असे द्वित्त झाले तर त्याचा अर्थ वेत किंवा बोरू असा होतो, आणि बोलीभाषेत गांजाच्या सिगारेटी असाही होतो, जे घरमालकाशी बोलताना बरे नाही. द्वित्ताचा हा भेद आमच्या वर्गातल्या अनेकांच्या कानाला पकडता येत नव्हता. ‘खडा’ आणि ‘खड्डा’ लहानपणापासून वेगळे ऐकत आलेल्या मराठी माणसाला तो पकडता येतो.

पेरूची एक सहाध्यायी तिच्या मांजरासह सात वर्षे तोरिनोत राहत होती. तिचे म्हणणे व्याकरणाच्या पलीकडचे होते. ‘आनिमाली’ हा शब्दच प्रश्नात घालू नकोस, ती म्हणाली, कारण तो ऐकल्यावर मालकाच्या डोळ्यांपुढे त्याने आजवर ऐकलेले सगळे वाईट भाडेकरू उभे राहतात. त्याला तुझी कुत्री दाखव. त्या दोघींच्या मदतीने मी जो संदेश तयार केला तो मराठीत साधारण असा होईल: ‘नमस्कार. आपल्या घराच्या जाहिरातीबद्दल लिहीत आहे. मी भारतातून आले असून येथील विद्यापीठात दोन वर्षांच्या करारावर काम करते. मी एकटी राहणार आहे आणि माझ्यासोबत सहा वर्षांची, नसबंदी झालेली, मध्यम आकाराची, १७ किलो वजनाची कुत्री असेल. ती पहिल्यापासून फ्लॅटमध्ये वाढलेली आहे. तिला आपल्या घरात ठेवणे शक्य होईल का, हे मला आपल्याला विचारायचे होते. आपल्या काही शंका असतील तर भेटून बोलायला मला आनंद वाटेल.’ खाली चिंगीचे एक छायाचित्र, आमच्या पुण्याच्या घरात कोचाशेजारी बसलेली, मागे कोच धडधाकट दिसेल असे.

नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात मी हा संदेश १८ ठिकाणी पाठवला आणि ११ ठिकाणांहून उत्तर आले. त्यातही नकार होतेच, पण बाकीच्यांनी प्रश्न विचारले. ‘दी के ताल्या ए?’, म्हणजे आकार कोणता, हा प्रश्न प्रत्येकाचा. इटलीत कुत्र्यांचे लहान, मध्यम आणि मोठा असे आकार मानतात, आणि मालकांचा ओढा अर्थातच लहानाकडे असतो. जात कोणती, या प्रश्नाला मी सुरुवातीला आपल्या गावठी कुत्र्यांबद्दल लांबलचक सांगत असे, पण मिश्र जातीच्या कुत्र्याला तिथे ‘मेतिच्चो’ म्हणतात आणि तो शब्द वापरला की पुढे कोणी काही विचारत नाही, हे कळल्यावर मी तोच वापरू लागले. आपली गावठी कुत्री मिश्र जातीची मानणे शास्त्राला धरून नाही, याची मला कल्पना आहे आणि त्याची थोडी रुखरुख अजूनही वाटते. तिसरा प्रश्न लाकडी जमिनीचा. जुन्या घरांत ‘पार्के’ असते आणि नखांचे ओरखडे पडतील ही धास्ती मालकांना खरोखरच असते, म्हणून मी फरशीची घरे आधी पाहू लागले.

चौथा प्रश्न ‘अब्बाया?’, म्हणजे भुंकते का. ‘मुळीच भुंकत नाही’ असे सांगण्याचा मोह मला झाला. पण चिंगी दाराची घंटा वाजली की भुंकते, आणि ज्या माणसाच्या घरात दोन वर्षे राहायचे त्याला पहिल्याच दिवशी खोटे सांगितले तर पुढचा प्रत्येक दिवस ते खोटे सांभाळण्यात जाईल, असे वाटले. म्हणून मी खरे वाक्य पाठ केले: ‘अब्बाया क्वांदो सुओना इल काम्पानेल्लो, पोई झ्मेत्ते’. घंटा वाजली की भुंकते, मग थांबते. दोन घरे त्या वाक्यावर गेली असावीत. इटलीत प्राण्यांचा गोंगाट न थांबवणाऱ्या मालकावर दंडसंहितेच्या ६५९ व्या कलमाखाली कारवाई होऊ शकते, तेव्हा त्या लोकांची भीती निराधार होती असे मी म्हणणार नाही.

याच सुमारास परवानगी नेमकी कोणाची घ्यायची, हा घोळ समोर आला. एका एजंटाने सांगितले की मालकाची हरकत नाही, पण इमारतीच्या ‘कोंदोमिन्यो’चा नियम प्राण्यांना मनाई करतो. ‘कोंदोमिन्यो’ म्हणजे आपल्याकडच्या सोसायटीसारखी फ्लॅटमालकांची व्यवस्था, आणि तिचा कारभार पाहणारा ‘अम्मिनिस्त्रातोरे’ असतो. भाडेकरूंच्या एका संघटनेच्या कार्यालयात जाऊन मी हे विचारले. तिथल्या गृहस्थांनी मला नागरी संहितेचे ११३८ वे कलम दाखवले. २०१२ सालच्या २२० क्रमांकाच्या कायद्याने त्यात एक वाक्य जोडले गेले आणि ते जून २०१३ पासून अमलात आहे: कोंदोमिन्योच्या नियमावलीला पाळीव प्राणी बाळगण्यास किंवा ठेवण्यास मनाई करता येत नाही. आपल्याकडेही प्राणी कल्याण मंडळाने २०१५ साली सोसायट्यांना अशाच आशयाच्या सूचना दिल्या होत्या आणि आमच्या पुण्याच्या सोसायटीतल्या एका वादात त्या कागदाचा आम्हाला आधार झाला होता, त्यामुळे हे वाक्य वाचून मला केवढा तरी धीर आला. तो धीर त्या गृहस्थांनी लगेच आवरता घ्यायला लावला. हे वाक्य शेजाऱ्यांच्या नियमावलीला बांधते, घरमालकाला नाही, असे ते म्हणाले. मालकाने भाडेकरारात प्राण्यांना मनाई करणारी अट घातली आणि तुम्ही त्यावर सही केली, तर ती अट तुम्हाला पाळावी लागेल. म्हणून तोंडी काय ठरले याला महत्त्व देऊ नका, करारात काय छापले आहे ते वाचा.

त्यांचे हे शब्द दहा दिवसांत खरे ठरले. शहराच्या पश्चिमेकडचे एक घर मला पसंत पडले होते. तिथल्या एजन्सीतल्या माणसाला मी चिंगीबद्दल दोनदा विचारले आणि दोन्ही वेळा त्याने ‘नेस्सून प्रोब्लेमा’ म्हणून हात हलवला. माझ्या पगाराच्या चिठ्ठ्या, करक्रमांक, नोकरीचा करार, सगळे कागद त्याने घेतले. सहीच्या आदल्या संध्याकाळी कराराचा मसुदा आला. नऊ पाने होती आणि मी ती शब्दकोश घेऊन एकेक ओळ वाचत गेले. सहाव्या पानावर एका लांब परिच्छेदाच्या मध्यावर ‘दिव्येतो’ हा शब्द दिसला. तो मला शब्दकोशाशिवाय येत होता, कारण तोरिनोच्या रस्त्यांवर गाड्या उभ्या करायला मनाई असलेल्या ठिकाणी ‘दिव्येतो दी सोस्ता’ अशा पाट्या असतात आणि वसतिगृहाच्या दारासमोरच तशी एक होती. भाडेकरूला घरात कोणत्याही प्रकारचे प्राणी ठेवण्यास मनाई आहे, असे ते वाक्य होते.

रात्रभर मला झोप आली नाही. सकाळी मी एजन्सीत गेले आणि ती ओळ दाखवली. हा छापील नमुना आहे, सगळ्यांच्या करारात ही ओळ असते, प्रत्यक्षात कोणी बघत नाही, असे तो माणूस म्हणाला. मग ती ओळ खोडून मालकाची सही घ्या, असे मी म्हटले. त्याने मालकाला फोन लावला. बोलणे भराभर झाले आणि मला सगळे कळले नाही, पण मालकांना कुत्रीबद्दल त्या फोनपर्यंत काहीच सांगितलेले नव्हते, एवढे स्पष्ट कळले. ओळ खोडायला ते तयार झाले नाहीत. माझे पैसे दिलेले नव्हते म्हणून तेवढे वाचले, पण तीन आठवडे गेले होते आणि नोव्हेंबर संपत आला होता. त्या माणसाने मुद्दाम फसवले असे मला आजही वाटत नाही. त्याला व्यवहार पुरा करायचा होता आणि माझा प्रश्न त्याच्या लेखी प्रश्न नव्हता. मला मात्र तो राग अनेक दिवस पुरला, कारण त्या सहीच्या भरवशावर मी चिंगीच्या विमानाची चौकशी करून ठेवली होती.

त्यानंतर मी एजंटाला विचारणे सोडले आणि प्रत्येक ठिकाणी एक वाक्य वाढवले: ‘हे मालकांनाही कळवले आहे का, आणि ते करारात लिहिता येईल का?’ या वाक्यावर दोन जण मागे हटले. तिसरीकडे स्वतः मालकीणबाईंचाच फोन आला. घर वानकील्या भागात होते, पो नदीपासून जवळ, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेले. मी जिना चढून वर गेले आणि थबकलेच. मधोमध अंगण, भोवताली इमारत, प्रत्येक मजल्यावर अंगणाकडे तोंड केलेली लोखंडी कठड्याची लांब गॅलरी आणि त्या गॅलरीत ओळीने घरांची दारे. त्या गॅलरीला ‘बाल्लातोयो’ म्हणतात. उत्तर इटलीतल्या जुन्या कामगार वस्त्यांत अशी घरे बांधली गेली, पण मी पाहत होते ती मला आजोळची गिरगावातली चाळ वाटत होती. दोऱ्यांवर कपडे वाळत होते आणि एका दारात कांदे ठेवलेली टोपली होती. शेवटच्या घरात जायचे तर सगळ्यांच्या दारांवरून जावे लागणार, म्हणजे चिंगीची ओळख सगळ्यांशी होणार, हे तिथे उभ्या उभ्याच माझ्या लक्षात आले.

मालकीणबाई सत्तरीच्या पुढच्या होत्या. त्यांनी घर दाखवले, जमीन फरशीची होती, आणि मग स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी बसून त्यांनी मला असे प्रश्न विचारले जे तोवर कोणीच विचारले नव्हते. तुम्ही कामावर गेल्यावर ती किती तास एकटी राहील? तुम्ही आजारी पडलात तर तिला बाहेर कोण नेईल? तिने बर्फ पाहिला आहे का? मी तुटकतुटक इटालियनमध्ये सांगितले की दुपारी मी घरी येऊ शकते, विद्यापीठ चालत वीस मिनिटांवर आहे, आणि आजारपणात कोण येईल हे मला अजून माहीत नाही. त्या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते आणि ते मी तसेच सांगितले. मग मी विचारले की आपल्याला तिला पाहायचे आहे का. सकाळचे ११ वाजले होते, पुण्यात दुपारचे साडेतीन. आईने व्हिडिओ कॉल उचलला आणि फोन खाली नेला. चिंगी स्वयंपाकघराच्या दारात शहाबादी फरशीवर कुशीवर झोपली होती. माझा आवाज ऐकून तिने डोके न उचलता शेपूट दोनदा फरशीवर आपटली. मालकीणबाईंनी चष्मा लावला, फोन माझ्या हातून घेतला आणि तिचे नाव विचारले. ‘चिंगी? चिंग्याले सारखे?’ असे म्हणून त्या मोकळेपणाने हसल्या. ‘चिंग्याले’ म्हणजे रानडुक्कर. मी सांगितले की आमच्या भाषेत चिंगी म्हणजे लहानशी, चपळ पोर. आईने तिकडून हात जोडून नमस्कार केला आणि बाईंनी इकडून हात हलवला.

परवानगी त्यांनी लगेच दिली नाही. दोन दिवसांनी बोलावून काय काय हवे ते सांगितले. करार १९९८ च्या ४३१ क्रमांकाच्या कायद्याखालचा तीन अधिक दोन वर्षांचा, म्हणजे आधी तीन वर्षे आणि मग दोन वर्षांची वाढ, भाडे महिन्याला ५८० युरो, इमारतीचा खर्च वेगळा. अनामत सहसा दोन महिन्यांची घेतात, त्यांनी तीन महिन्यांची मागितली. १९७८ च्या कायद्याने अनामत तीन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही, म्हणजे त्यांची मागणी मर्यादेत होती आणि मला ती रास्त वाटली. प्राण्याने केलेल्या नुकसानीची जबाबदारी नागरी संहितेच्या २०५२ व्या कलमानुसार त्याच्या मालकावर येते, म्हणून त्यांनी मला तशा जबाबदारीचा विमाही उतरवायला सांगितला. माझी अट एकच होती, आणि तिच्यासाठीचे वाक्य मी वर्गातल्या बाईंकडून तपासून नेले होते. ते करारात असे आले: भाडेकरूला या घरात चिंगी नावाची मध्यम आकाराची एक कुत्री ठेवण्यास परवानगी आहे. नेहमीच्या वापराने होणारी झीज सोडून तिच्यामुळे काही नुकसान झाल्यास भाडेकरू ते भरून देईल. ‘नेहमीच्या वापराने होणारी झीज सोडून’ हे शब्द मी आग्रहाने घालायला लावले, आणि मालकीणबाईंनी ‘एक’ हा शब्द आग्रहाने ठेवला.

ताबा घेताना आम्ही दोघींनी दारे, चौकटी आणि सोफ्याचे पाय यांची छायाचित्रे काढली. स्वयंपाकघराच्या दाराला खाली तीन जुने ओरखडे होते. त्यांच्या आधीच्या भाडेकरूकडे मांजर होते, असे त्यांनी तेव्हा सांगितले. ते ओरखडे ताबापत्रात लिहून दोघींनी सह्या केल्या. करार झाल्यापासून ३० दिवसांच्या आत तो कर खात्याकडे नोंदवावा लागतो, ते त्यांनी चौथ्याच दिवशी केले आणि नोंदणीची पावती मला पाठवली.

चिंगीला घेऊन मी जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात मिलानच्या मालपेन्सा विमानतळावर उतरले. निघण्याआधी शेजारच्या पाच घरांसाठी मी पाच चिठ्ठ्या लिहून मालकीणबाईंकडे दिल्या होत्या, त्यांतही ‘लेई’ आणि भूतकाळ जपून वापरला होता, आणि घंटेबद्दलचे वाक्य घातले होते. आम्ही रात्री उशिरा पोचलो. बाल्लातोयोवरून जाताना चिंगीने प्रत्येक दाराशी थांबून उंबरा हुंगला आणि मी दोरी आखूड धरून तिच्या मागे गेले. इटलीत सार्वजनिक जागी दोरी दीड मीटरपेक्षा लांब चालत नाही, हे मी तोवर वाचून ठेवले होते. सकाळी आमच्या दाराबाहेर एक जुनी लोकरीची चादर घडी करून ठेवलेली होती. ती कोणी ठेवली हे मला पुढे दोन आठवडे कळले नाही. ती ठेवली होती कांद्याच्या टोपलीच्या घरातल्या आजोबांनी.

नंतरच्या सोमवारी आरोग्य खात्याच्या पशुवैद्यकीय कार्यालयात कुत्र्यांच्या नोंदवहीत तिचे नाव घालून आले. कारकून बाईंनी मायक्रोचिपचे पंधरा अंक यंत्रावर वाचले, जातीच्या रकान्यात ‘मेतिच्चो’ लिहिले आणि रंगाच्या रकान्यासाठी खिडकीतून वाकून चिंगीकडे पाहिले. त्या कागदाची एक प्रत मी संध्याकाळी मालकीणबाईंना नेऊन दिली. त्यांनी ती कराराच्या फाइलीत लावली, फाइल खणात ठेवली, आणि तीन मजले चढताना चिंगीला दम लागतो का असे विचारले.